घराची जमीन व तिचा कर्ता

घर पाहावयास आलेला मनुष्य प्रथम भिंतींकडे पाहतो, मग छताकडे, मग दारें-खिडक्यांकडे. आणि ज्या एका वस्तूवर तो सर्व वेळ उभा असतो तिच्याकडे त्याची दृष्टि सर्वांच्या शेवटीं जाते. जमिनीचें हें दुर्दैवच म्हणावयाचें. ती नीट असेल तोंपर्यंत तिची आठवण कोणास होत नाहीं. आणि ती बिघडली म्हणजे घरांत दुसरा विषय निघत नाहीं.

आमच्या घरीं हा प्रसंग गेल्या उन्हाळ्यांत आला. दहा वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें बसविलेल्या चकचकीत फरशा एका दुपारीं, कोणी हात न लावतां, मोठा आवाज होऊन तंबूसारख्या मधोमध उचलल्या गेल्या. आमच्या वृद्ध मातोश्री त्या वेळीं स्वयंपाकघरांतून देवघराकडे निघाल्या होत्या. त्या चार पावलें पुढें असत्या तर काय झालें असतें, हा विचार अजूनहि नकोसा वाटतो. उचललेली फरशी उलथी करून पाहिली, तों तिच्या पाठीस सिमेंटचा लेशहि चिकटलेला नव्हता. ज्या कंत्राटदारानें काम केलें होतें त्यास बोलाविलें. तो आला, हळहळला, आणि म्हणाला, "बसविणारा मिस्त्री माझा नव्हता, साहेब. तो दुसऱ्याचा होता. आणि तो आतां गांवीं गेला."

राग तर आलाच. पण रागापेक्षां कुतूहल अधिक वाटलें. भिंतीस कर्ता असतो, दारास कर्ता असतो. मग आमच्या जमिनीचा कर्ता कोण? ज्यानें पैसे घेतले त्यानें ती केली नाहीं. ज्यानें केली त्यास आम्ही ओळखत नाहीं. दुसरा कंत्राटदार शोधावयास निघण्यापूर्वीं ही स्थिति आपल्यावर कशी आली याचा माग काढावा असें मनांत आलें, आणि त्यांतून प्रस्तुत निबंध निपजला.

फरसबंदीची हौस या देशांत आजची नव्हे. राजस्थानांतील कालीबंगा येथें १९६० ते १९६९ या काळांत झालेल्या उत्खननांत सिंधु संस्कृतीच्या एका घरांत नक्षीदार फरशांची जमीन सांपडली. तिच्यावर एकमेकांस छेदणाऱ्या वर्तुळांची आकृति आहे. परंतु तो अपवाद होय. महाराष्ट्रांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें उघडकीस आलीं. त्यांच्या जमिनी कुटून घट्ट केलेल्या मातीच्या होत्या. त्या काळापासून थेट आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत महाराष्ट्रांतील बहुसंख्य लोकांची जमीन हीच. मुरूम पसरावयाचा, त्यावर माती घालावयाची, पाणी शिंपडून ती मुरूं द्यावयाची, चोपण्यानें चोपावयाची आणि वर शेणाचा हात फिरवावयाचा.

या जमिनीविषयीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तिची कर्ती घरांतच असे. चोपण्यास गडी येत. पण सारवण हें गृहिणीचें काम. कोठें पोपडा धरला, कोठें घूस लागली, कोठें ओल आली, हें रोज हात फिरविणारीस डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं बोटांनीं कळे, आणि दुरुस्ती त्याच दिवशीं होई. या व्यवस्थेची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. दर आठ-पंधरा दिवसांनीं गुडघे टेकून सारे घर सारविणाऱ्या बायकांच्या कंबरेनें या जमिनीची किंमत भरली आहे. तथापि एवढें खरें कीं, त्या काळीं जमीन करणारी व जमिनीवर राहणारी व्यक्ति एकच होती, आणि म्हणून जबाबदारीचा प्रश्नच निघत नव्हता.

मातीची जमीन सोडून मनुष्य पक्क्या जमिनीकडे वळला तेव्हां प्रथम दुसऱ्याच्या हाताची गरज पडली. वाड्यांत, देवळांत व सधनांच्या घरीं चुन्याचा कोबा करीत. बैलाच्या घाणींत चुना मळावयाचा, त्यांत विटांची सुरखी घालावयाची, विटांच्या तुकड्यांसह तो पसरावयाचा, आणि गुळाचें किंवा हिरड्याचें पाणी शिंपडीत ओळीनें बसून दिवसच्या दिवस तो ठोकावयाचा. हें काम गवंड्याचें. आतां गांवगाड्याच्या रचनेंत या गवंड्याचें स्थान पाहा. बारा बलुतेदारांच्या सर्वसाधारण यादींत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, गवंडी नाहीं. सुताराचा औतांशीं व कुंभाराचा मडक्यांशीं गांवाला नित्य संबंध असे. गवंड्याची गरज पिढींतून एखादे वेळीं पडे. म्हणून त्याला बलुतें नाहीं. त्याचा व्यवहार कामापुरता व रोख. बलुतेदारानें वाईट काम केलें तर सुगीच्या वेळीं खळ्यावर त्याचा जाब घेतां येई. गवंडी मात्र काम करून दुसऱ्या गांवीं जाई. तेव्हां चांगला गवंडी कोठून आणावा ही चिंता आपण समजतों तशी शहरी सुधारणेची संतति नसून बरीच जुनी आहे.

किती जुनी, हें कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून दिसतें. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या चौथ्या अधिकरणाच्या आरंभींच कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें हा विषय आहे. काम कोठें, किती वेळांत व काय करावयाचें तें आधीं ठरलेलें असावें. मुदत चुकली तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा व त्याच्या दुप्पट दंड करावा. सांगितल्याहून निराळें काम केलें तर सबंध वेतन बुडवून त्याच्या दुप्पट दंड घ्यावा, असे तेथें नियम आहेत. नियम कडक आहेत. पण ज्या अर्थीं असले नियम लिहावे लागले त्या अर्थीं मुदत चुकविणारे व भलतेंच करून ठेवणारे त्या काळींहि असले पाहिजेत.

भाषाहि या व्यवहाराची साक्ष देते. "मक्ता" हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला. "कंत्राट" व "मिस्त्री" हे दोन्ही पोर्तुगीजांकडून. घर बांधणाऱ्या व बांधविणाऱ्या मनुष्यांचे संबंध बदलत गेले, तसतसे ते सांगण्यास नवे शब्द घ्यावे लागले. परंतु कंत्राटाची पद्धति महाराष्ट्रांत खऱ्या अर्थानें मोठी झाली ती सरकारी बांधकामखातें व आगगाडी यांच्या पायीं. बोरघाटांतील लोहमार्गाचें काम हें त्याचें ठळक उदाहरण. मूळ कंत्राट फेव्हिएल नांवाच्या इंग्रज कंत्राटदाराचें. त्याच्या हाताखालीं पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि सर्वांच्या तळाशीं दगड फोडणारे हजारों मजूर. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून तेथें दंगा झाला, आणि त्याच वर्षीं फेव्हिएलनें कंत्राट सोडलें. पुढें तें सॉलोमन ट्रेडवेल याजकडे आलें. तो हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, तें काम अनुभवी इंजिनियरांच्या हातून पुढें चालविलें. १८६३ सालीं घाट खुला झाला. ज्यानें सही केली तो एक, ज्यानें पैसे वाटले तो दुसरा, आणि ज्याच्या हातानें दगड फुटला तो तिसरा, ही साखळी या घाटांत स्पष्ट दिसते. आमच्या फरशांचा मिस्त्री "दुसऱ्याचा" होता, त्याची वंशावळ येथपर्यंत पोंचते.

याच लोहमार्गानें आपल्या घरांत एक नवी जमीन आणली. दख्खनचा काळा पत्थर अत्यंत कठीण. त्याचे पातळ तक्ते सहजासहजीं निघत नाहींत. भीमेच्या खोऱ्यांतील शहाबादचा चुनखडी दगड मात्र निसर्गतःच थराथरांचा; त्याच्या फरशा पाटासारख्या सुटतात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ सालीं शहाबादवरून रायचूरपर्यंत गेला, आणि तो राखी दगड पुण्या-मुंबईच्या ओट्यांवर, मोऱ्यांत, चौकांत व माजघरांत येऊन बसला. शहाबादी फरशीनें आपली जी सेवा केली आहे तिचें ऋण मोठें आहे. ती घासली जाते, तिला टाकी लावितां येते, आणि पुष्कळदां ती उपटून दुसऱ्या ठिकाणीं पुन्हा बसवितां येते.

पक्की जमीन ही केवळ हौस नव्हे हें लोकांस पटविलें तें प्लेगनें. १८९६ सालीं मुंबईंत व पाठोपाठ पुण्यांत ही साथ आली. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराची येथें, उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, असें प्रयोगानें दाखविलें. पुढें कमिशनच्या संशोधनानें तें सिद्ध झालें. मातीच्या जमिनींत उंदीर बीळ करतो. दगडाच्या किंवा कोब्याच्या जमिनींत त्यास तें साधत नाहीं. १८९८ सालींच मुंबईंत शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला व चाळी बांधूं लागला. जमीन आतां आरोग्याची बाब झाली. आणि जी गोष्ट जीविताशीं निगडित, ती करणाराची पारख करणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें झालें.

यानंतरचा इतिहास रंगीत आहे. इंग्लंडांतील मिंटन आदि कारखान्यांच्या भाजलेल्या नक्षीदार फरशा एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या सार्वजनिक इमारतींत आल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें, जें १८५८ सालीं विधिपूर्वक खुलें झालें, विलायतेहून आणविलेल्या अशा फरशा आजहि पाहावयास मिळतात. पुढें न भाजतां, सिमेंट व रंग सांच्यांत दाबून फरशी करण्याची युक्ति युरोपांतून आली. पितळी सांच्याच्या कप्प्यांत निरनिराळ्या रंगांचा पातळ लगदा ओतावयाचा, कप्पे अलगद उचलावयाचे, पाठीस सिमेंट-वाळू घालून दाब द्यावयाचा, आणि मग ती फरशी पाण्यांत मुरूं द्यावयाची. १९२२ सालीं सिधवा घराण्यांतील फेरोजशा व रुस्तुम यांनीं स्वदेशीच्या प्रेरणेनें "भारत" या नांवानें असा कारखाना काढला, आणि विलायती फरशीशीं स्पर्धा मांडली. गिरगांव-दादरच्या जुन्या घरांतून अशा फरशांवरील वेलबुट्टी शंभरीकडे झुकूनहि ताजी दिसते.

स्वातंत्र्यानंतर संगमरवराच्या चिपा घातलेल्या मोझेक फरशीचें राज्य आलें. तिची रीत मंद होती. ती बसवावयाची, दर्जा भरावयाच्या, पाणी मारावयाचें, कांहीं दिवस थांबावयाचें, आणि मग घासण्याचें यंत्र आणून सबंध जमीन एकसारखी घासावयाची. फरशी एखादा दोरा वर-खालीं बसली असली तरी घासतांना ती चूक निघे. मोझेकची जमीन कारागिरास क्षमा करी. त्यानंतर आली ती आजची व्हिट्रिफाइड फरशी, जिचा मोठा पुरवठा गुजरातेंतील मोरबीहून होतो. ती जवळजवळ पाणी पीत नाहीं. शंभर भार वजनाच्या फरशीनें अर्ध्या भाराहून अधिक पाणी शोषूं नये असा तिचा दंडक आहे. ती कारखान्यांतच गुळगुळीत होऊन येते. घरीं घासण्याचें कामच नाहीं. म्हणजे ती क्षमा करीत नाहीं.

आमच्या फरशा कां उचलल्या याचें उत्तर येथें आहे. जुनी फरशी पाणी पीत असे. ती भिजवून सिमेंटच्या रबडीवर ठेविली म्हणजे रबडी तिच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून घट्ट पकड घेई. नव्या फरशीस छिद्रेंच जवळजवळ नाहींत. तिला त्याच जुन्या रबडीवर ठेविलें तर ती नुसती टेकून राहते. तिच्यासाठीं निराळा चिकट मसाला लागतो. शिवाय उष्म्यानें व ओलाव्यानें वस्तु फुगते व आकसते. फरशांमध्यें व भिंतीलगत थोडी फट ठेवली नाहीं तर त्या एकमेकींस रेटूं लागतात, आणि खालची पकड नसली कीं मधोमध उचलतात. दोन फरशांमध्यें केंसभरहि फट दिसूं नये असा हट्ट आम्हींच दहा वर्षांपूर्वीं धरला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. कंत्राटदारास तें चुकीचें आहे हें ठाऊक असावें. पण गिऱ्हाइकास नाहीं म्हणणें त्यास परवडलें नसावें. अज्ञान आमचें, भिडस्तपणा त्याचा, आणि हात तिसऱ्याचा. अशा त्रिवर्गानें आमची जमीन झाली होती.

एवढा इतिहास पाहिल्यावर त्यांतील एक धागा वाचकांच्याहि ध्यानांत आला असेल. जमीन जितकी अधिक सुंदर व टिकाऊ होत गेली तितका तिचा कर्ता घरापासून दूर गेला. प्रथम तो घरांतच होता. मग गांवोगांव फिरणारा गवंडी झाला. मग सहीचा धनी. आणि शेवटीं कोणाचाच नव्हे असा मिस्त्री. आणि जमिनीचा खरा कस तर नेहमीं न दिसणाऱ्या भागांत असतो. मातीच्या जमिनीचा कस चोपण्यांत, कोब्याचा ठोकण्यांत, फरशीचा तिच्या पाठीखालच्या थरांत. जें दिसतें त्याची निवड आपण दुकानांत चार-चार फेऱ्या घालून करतों. जें दिसत नाहीं तें करणाराची निवड दर चौरस फुटाच्या भावावर करतों.

कायदा यांत साहाय्य करतो, पण नंतर. कराराचा कायदा १८७२ चा. त्याच्या ७३ व्या कलमान्वयें करारभंगाची नुकसानभरपाई मागतां येते. १९८६ सालीं ग्राहकसंरक्षणाचा कायदा झाला, व त्याची जागा २०१९ सालच्या नव्या कायद्यानें घेतली. तोंडी करारहि करारच होय. पण तो सिद्ध करतांना तोंडास कोरड पडते. म्हणून कौटिल्यानें सांगितलें तें कागदावर उतरवावें हें बरें: काय करावयाचें, किती दिवसांत, कोणत्या मालानें, आणि पैसे कोणत्या टप्प्यावर. फरशी व मसाला यांच्यासाठीं सरकारी मानकें आहेत. सिमेंटच्या फरशीस १२३७ क्रमांकाचें, भाजलेल्या फरशीस १५६२२ चें, चिकट मसाल्यास १५४७७ चें. हे आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं. ते पिशवीवर व खोक्यावर आहेत कीं नाहींत एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

या खेपेस तिघांस बोलाविलें. पहिल्यानें दाराशींच भाव सांगितला. दुसऱ्यानें फोनवर तऱ्हेतऱ्हेच्या दिवाणखान्यांचीं चित्रें दाखविलीं. तीं फार सुंदर होतीं. तिसरा वयस्क होता. तो खालीं बसला, थापीच्या मुठीनें जुन्या फरशा एकेक ठोकीत खोलीभर सरकत गेला, आणि जेथें पोकळ आवाज आला तेथें खडूनें फुली करीत गेला. मग त्यानें पाण्याची नळी लावून चारहि कोपरे मापले, मोरीकडे ढाळ किती आहे तें पाहिलें, आणि म्हणाला, "काका, फरशी सावकाश निवडा. आधीं खालचें काय तें ठरवूं." त्याचा भाव तिघांत अधिक होता. आम्हीं त्यास दोनच प्रश्न विचारले. तुम्हीं पांच वर्षांपूर्वीं केलेली जमीन दाखवाल काय, आणि आमच्याकडे फरशी स्वतः कोण बसविणार? पहिल्यास तो आम्हांस दोन गल्ल्या पलीकडे एका घरीं घेऊन गेला. दुसऱ्यास त्यानें आपल्या मुलाकडे व पुतण्याकडे बोट दाखविलें.

त्यानें एक गोष्ट आम्हांस शिकविली, ती येथें नमूद करतों. फरशी कोरडी कापली म्हणजे जी बारीक पूड उडते ती कापणाराच्या फुप्फुसांत बसते, आणि त्यांतून सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग होतो. पाणी सोडीत कापलें तर पूड बसते, पण वेळ अधिक लागतो, आणि चिखलहि होतो. "पाण्यानें कापूं ना?" असें त्यानें विचारलें, कारण चिखल आमच्या अंगणांत होणार होता. आमच्या पूर्वींच्या कामांत पांढऱ्या धुराळ्यानें माखलेला एक तरुण दिवसभर खोकत होता तें तेव्हां आठवलें. त्याचें नांव आम्हीं कधीं विचारलें नाहीं. आपली जमीन कोणी केली याची चौकशी आपण जमीन फुटल्यावरच करतों, हा दोष केवळ कंत्राटदाराचा नाहीं.

असो. काम बावीस दिवस चाललें. ठरल्यापेक्षां चार दिवस अधिक. दर्जांची रेघ स्पष्ट दिसते, आणि मातोश्रींस ती प्रथम मुळींच आवडली नाहीं. आतां देवघराकडे जातांना तीच रेघ धरून त्या चालतात. आमच्या खर्चाच्या वहींत पूर्वीं अशा कामापुढें नुसती रक्कम लिहिलेली असे. या वेळीं रकमेपूर्वीं तीन नांवें लिहिलीं आहेत.